मावते किती, भरले किती

द्वितीय वर्ष, बी. ए.

मराठी हा मुख्य विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीने संगणकाच्या 'सी' भाषेवर लेख लिहावा, याचे वाचकांना नवल वाटेल. 'भाषा' या शब्दावर भाळून मी त्या वर्गात गेले, असे मैत्रिणी थट्टेने म्हणतात. कारण तितके काव्यमय नाही. आमच्या महाविद्यालयात संध्याकाळी संगणकाचा प्रमाणपत्र वर्ग चालतो. त्याची फी परवडणारी होती आणि माझ्यापाशी एक काम होते. आजीच्या ओव्या मला नीट जपून ठेवायच्या होत्या.

आमचे घर ऊसतोडीवर चालते. दसरा-दिवाळी झाली की आई-अण्णा टोळीबरोबर कारखान्याच्या तळावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परत येतात. त्या महिन्यांत मी आजीपाशी वाढले. गावात गिरणी आल्यावर जाते कोपऱ्यात गेले, पण आजीच्या तोंडच्या ओव्या गेल्या नाहीत. निवडण-टिपण करताना ती गुणगुणते. त्या मी मोबाईलवर ध्वनिमुद्रित केल्या, मग बसून टंकलिखित केल्या. आज त्या एकशे त्रेचाळीस आहेत. कोणती ओवी कोणत्या नात्याची, कोणत्या ओवीत कोणता शब्द परत परत येतो, हे शोधणारा छोटा प्रोग्रॅम लिहावा, अशी माझी इच्छा.

आता अडचण अशी की ओवी कुणाला विचारून लांब होत नाही. एक दोन ओळींत संपते, तर दुसरी चार श्वास घेऊन पुढे जाते. आणि सी भाषेचा पहिलाच प्रश्न असतो, 'जागा किती हवी, ते आधी सांगा!'

ही भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७०च्या दशकाच्या आरंभी घडवली. १९७८ साली ब्रायन कर्निघन आणि रिची यांनी तिच्यावर लिहिलेले पुस्तक आजही प्रमाण मानतात. त्या काळी संगणकाची स्मृती म्हणजे सोन्याच्या भावाची वस्तू. म्हणून या भाषेने जागेचा सारा हिशेब लिहिणाऱ्याच्या पदरात टाकला. शब्दांची ओळ, म्हणजे 'स्ट्रिंग', ही तिच्या लेखी एकापुढे एक मांडलेल्या बाइटांची रांग. रांग कुठे संपली हे कळावे म्हणून शेवटी एक शून्य ठेवायचे. रांगेची लांबी कुठेही लिहून ठेवलेली नसते. ती हवी असेल तर पहिल्यापासून शून्यापर्यंत मोजत जायचे.

शिकवण्याच्या उदाहरणांत बहुधा ऐंशी बाइटांची ओळ घेतात. इंग्रजीला ती पुरते. पण आपल्या मराठीचे काय? १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी 'यूटीएफ-८' ही लेखनपद्धती रचली. तिच्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'घर' या शब्दाला सहा बाइट, वर शेवटचे शून्य धरून सात. 'स्त्री' हे आपल्याला एक अक्षर दिसते, पण आत स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार अशी सहा चिन्हे, म्हणजे अठरा बाइट! ऐंशीतले एक शून्याला सोडले की एकोणऐंशी उरतात. त्यांत सव्वीस चिन्हे मावतात आणि सत्ताविसाव्याचा केवळ तिसरा भाग. ओळ तिथे कापली जाते, कधी तर एका चिन्हाच्या मधोमध. आणि ओवी वाचणाऱ्यांना ठाऊक आहे की भावाचे, लेकाचे, माहेराचे नाव पुष्कळदा ओळीच्या अखेरीस येते. जिच्यासाठी ओवी म्हटली तीच गोष्ट बाहेर राहायची!

कापली जाणे परवडले, असा दुसरा प्रकार आहे. 'गेट्स' नावाची एक सोय या भाषेत होती. ती येईल तेवढे वाचत सुटे, आणि जागा संपली तरी शेजारच्या जागेवर लिहीत राही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या प्रोग्रॅमने इतर मार्गांबरोबर याही दाराने प्रवेश केला. पाचशे बारा बाइटांच्या जागेत त्याने त्याहून लांब ओळ पाठवली आणि हजारो संगणक अडकून पडले. २०११च्या प्रमाण आवृत्तीतून 'गेट्स' अखेर काढून टाकण्यात आले. धान्य मापाबाहेर गेले तर सांडते, इथे ते शेजाऱ्याच्या कणगीत शिरते आणि त्याचे धान्य नासवते.

मग उपाय काय? उपाय असा की जागा आधी ठरवायची नाही, लागेल तशी मागून घ्यायची. 'मॅलॉक' म्हणजे जागा मागणे, 'रिअॅलॉक' म्हणजे घेतलेली जागा वाढवून मागणे आणि 'फ्री' म्हणजे परत करणे. आमच्या घरात मुकादमाकडून उचल घेतात. तिच्याशी याचे फार साम्य आहे. घेतली ती कुणाच्या नावावर, हे पक्के हवे. फेडायची राहिली तर ओझे साचत जाते, आणि दिवसेंदिवस चालणारा प्रोग्रॅम शेवटी त्या ओझ्याखाली बसतो. एकदा फेडलेली दुसऱ्यांदा फेडायला गेलात, तर सगळा हिशेबच बिघडतो. फरक एवढाच की संगणकाच्या उचलीला व्याज नाही.

वाढवायची, पण किती? इथे खरी गंमत आहे. एक अक्षर आले की एका अक्षराची जागा वाढवावी, असे साध्या बुद्धीला वाटते. काहीच वाया जात नाही! पण जागा वाढवताना शेजारी मोकळे नसेल, तर रिअॅलॉक दुसरीकडे मोठी जागा शोधते आणि जुने सारे तिकडे उचलून नेते. प्रत्येक वेळी असे झाले, तर हजार बाइटांची ओळ तयार होईपर्यंत शून्य अधिक एक अधिक दोन, असे नऊशे नव्याण्णवपर्यंत, म्हणजे ४,९९,५०० वेळा बाइट उचलून ठेवावे लागतात. त्याऐवजी जागा भरली की दुप्पट करावी. एकाची दोन, दोनाची चार, अशी १,०२४ पर्यंत दहा वेळा वाढ होते. उचलाउचल होते एक, दोन, चार असे ५१२ पर्यंत, एकूण १,०२३. कुठे पाच लाख आणि कुठे हजार!

हा आकडा फळ्यावर पाहिला तेव्हा मला आजीचे तेल आठवले. आजी दुकानातून रोज दहा रुपयांचे तेल आणते. चहाची पुडीही एका दिवसाची. तिला हिशेब येत नाही असे समजू नका! डबा घेतला तर तेल स्वस्त पडते आणि दुकानाच्या खेपा वाचतात, हे ती कुणाहीपेक्षा चांगले जाणते. पण डब्याला पैसे एकदम लागतात. गरिबाला थोडेथोडे घ्यावे लागते, म्हणून तेच तेल महाग पडते. एकेक बाइट वाढवणारा प्रोग्रॅम असाच रोज दुकानाची खेप घालतो. आम्हाला लहानपणापासून शिकवलेली काटकसर 'लागेल तेवढेच घे' अशी होती. त्या पाच लाखांपुढे मला पहिल्यांदा कळले की काटकसर आणि नड या दोन गोष्टी आहेत. आपण पुष्कळदा नडीलाच काटकसर म्हणतो.

दुप्पट करण्यात काही जागा रिकामी राहते, हे खरे. नुकतीच वाढवलेली असताना जवळजवळ निम्मी मोकळी असते. म्हणून काही जण दुपटीऐवजी दीडपट करतात. 'गिट' या प्रसिद्ध साधनाच्या आतल्या 'स्ट्रबफ'ची वाढ साधारण दीडपटीनेच होते. ओळ पुरी झाली की उरलेली जागा परतही करता येते. प्रमाण कोणतेही घ्या, तत्त्व एकच, वाढ पटीने हवी.

यासाठी तीन गोष्टी एकत्र बांधून ठेवाव्या लागतात. रांगेचा पत्ता, भरले किती आणि मावते किती. 'स्ट्रबफ'मध्येही हीच तीन नावे आहेत. 'भरले किती' लिहून ठेवले, की नवा शब्द जोडताना पहिल्यापासून शून्यापर्यंत पुन्हा चालत जावे लागत नाही. 'मावते किती' लिहून ठेवले, की शेजाऱ्याच्या कणगीत हात जात नाही. मात्र शेवटच्या शून्याची जागा मोजायला विसरता कामा नये.

आता पत्त्याविषयी. जागा हलली की पत्ता बदलतो. तळावरच्या माणसांना हे समजावून सांगावे लागत नाही. एका वर्षी मामा भाकरी-शेंगा घेऊन आई-अण्णांना भेटायला गेला. टोळी आठवड्यापूर्वीच दुसऱ्या शिवारात गेली होती. जुन्या जागेवर कोप्या होत्याच, पण दुसऱ्या टोळीच्या! सारे ओसाड दिसले असते तर तो लगेच मागे फिरला असता. भरलेला तळ पाहून तो कोपी कोपी विचारत हिंडला. जुना पत्ता जपून ठेवणारा प्रोग्रॅम असाच फसतो. त्या जागी कधी जुनेच शब्द दिसतात, कधी दुसऱ्याचे, आणि दोष दिसायला महिने लागतात. यावर उपाय तळावरचाच आहे. अण्णा कधी जागा सांगत नाहीत. 'आपल्या टोळीत उगवतीकडून तिसरी कोपी' असे सांगतात. टोळी कुठेही गेली तरी ते खरेच राहते. सी मध्येही पत्ता जपण्याऐवजी 'सुरुवातीपासून कितवे' हा आकडा जपावा.

दुसरी एक खबरदारी. रिअॅलॉकला नवी जागा मिळाली नाही, तर ती रिकाम्या हाताने येते. जुनी जागा मात्र शाबूत असते. तिचे उत्तर थेट जुन्या पत्त्यावर लिहिले, तर जुना पत्ता पुसला जातो आणि ओव्या स्मृतीत असूनही सापडेनाशा होतात. म्हणून उत्तर आधी वेगळ्या नावात घ्यावे, तपासावे, मगच जुने नाव बदलावे. नव्या तळावर जागा मिळाल्याखेरीज अण्णा जुनी कोपी मोडत नाहीत, ते याच शहाणपणाने!

कुणी म्हणेल, हल्ली पायथनसारख्या भाषा हे सारे आपोआप करतात, मग हा खटाटोप कशाला? खरे आहे. पण पायथनचा सर्वाधिक वापरातला अवतार स्वतः सी मध्येच लिहिलेला आहे. कुठेतरी खाली बसून कुणीतरी जागा मोजते आहे, पत्ते बदलते आहे, घेतलेले परत करते आहे. आयते मिळणाऱ्या गोष्टीखाली कुणाचे तरी हात असतात, हे साखर खाणाऱ्याला कुठे दिसते?

आता शेवटचे, आणि माझ्या जवळचे. आमच्याकडे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. माझ्या वयाच्या दोन मैत्रिणींचा कोयता कधीच जुळला. घरी येणारे पाहुणे अण्णांना विचारतात, 'पोरीची तीन वर्षं रिकामी का घालवता?' त्यांचा हिशेब चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. तो रोजच्या तेलाचा हिशेब आहे, आणि तो ज्या नडीतून येतो ती मी पाहिली आहे. पण त्यात 'भरले किती' एवढाच आकडा आहे, 'मावते किती' हा नाही. अण्णा चौथीपर्यंत शिकले. पटीने वाढ हे शब्द त्यांनी ऐकलेले नाहीत. तरी त्यांनी माझ्यासाठी तीन वर्षांची मोकळी जागा एकदम मागून घेतली, आणि तिचा भार आई-अण्णांच्या दोन पाठींवर आहे. ही उचल कशी फेडायची, ते मला अजून ठरवायचे आहे. तूर्त एवढे झाले आहे की माझ्या प्रोग्रॅममध्ये आजीची सर्वांत लांब ओवी शेवटच्या नावासकट मावते.