अब्बांच्या नावाने

आमचे अब्बा सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात माग चालवीत. आम्ही शाळेत होतो तेव्हा त्यांना टीबी झाला. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळत. कोर्स सहा महिन्यांचा. तिसऱ्या महिन्यात खोकला थांबला. दवाखान्यात जायचे म्हणजे खाडा आणि खाडा म्हणजे मजुरी बुडाली. अब्बांनी गोळ्या सोडल्या. आजार उलटला तो त्या गोळ्यांना न जुमानणारा होऊन. अब्बा गेले.

२०२० च्या टाळेबंदीत मुलांना शिकवण्यासाठी आम्ही एक जुना संगणक घेतला. रिकाम्या संगणकांची शक्ती औषधांच्या संशोधनाला देता येते, हे त्याच सुमारास वाचनात आले. ‘फोल्डिंग ॲट होम’ हा असा उपक्रम २००० साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाला आणि करोनाच्या साथीत लाखो लोक त्यात सामील झाले. आमची नजर मात्र ‘हेल्प स्टॉप टीबी’ या नावावर थांबली. ‘वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड’वरील हे काम इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये हाती घेतले होते. टीबीच्या जंतूला मायकोलिक आम्लांचे मेणचट कवच असते, त्यामुळे औषध सहज आत शिरत नाही. ही आम्ले कशी वळतात, कशी घडी घेतात, याचा हिशेब अफाट आहे. म्हणून त्याचे तुकडे करून घरोघरच्या संगणकांना वाटत. आपला संगणक रिकामा असला की एक तुकडा सोडवी आणि उत्तर परत पाठवी.

पैसे लागत नाहीत, पण वीज लागते. अम्मी म्हणाल्या, “बेटा, रात्रभर हे घरघरतंय. बिल कोण भरणार?” आम्ही सगळे समजावून सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “अब्बांच्या ईसाले-सवाबसाठी चालू राहू दे.”

अधूनमधून त्या विचारीत, “सापडलं का औषध?” आम्ही सांगत असू की यातून थेट गोळी निघत नाही, पुढच्या संशोधकाची वाट थोडी सोपी होते. जपानमधील चिबा येथील संशोधकांनी याच ग्रिडवर सुमारे ३० लाख रासायनिक संयुगे तपासली. लहान मुलांच्या एका कर्करोगावर आशादायक अशी ७ त्यांतून निघाली, हे २०१४ मध्ये जाहीर झाले. तीही औषध होण्याआधी बऱ्याच चाचण्या बाकी होत्या. अम्मी म्हणत, “सब्र पाहिजे.”

शाळा पुन्हा भरली. सातवीतल्या एका मुलाचे वडील टीबीच्या गोळ्या घेत होते. आम्ही चौकशी केली, तर तो आनंदाने म्हणाला, “सर, खोकला थांबला. आता गोळ्या बंद केल्या.”

त्या संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. अब्बांची सारी हकीकत सांगितली. ते मान खाली घालून ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन दवाखान्यात गेलो आणि कोर्स संपेपर्यंत दर आठवड्याला त्यांच्या दारात जात राहिलो.

नवे औषध शोधायला संगणक खुशाल रात्रभर जागोत. आहे ते औषध शेवटच्या गोळीपर्यंत पोटात जाते की नाही, हे मात्र आपणच पाहायचे आहे.