पेट्रोल भरायला निघालेली मर्सिडीज

रविवारी सकाळी साडेसहा वाजता महाळुंग्यातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमधून १९५७ची मर्सिडीज २२०एस बाहेर पडते. सहा सिलिंडर, दोन सोलेक्स कार्ब्युरेटर, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. “कुठं निघालात, काका?” वॉचमन विचारतो. “पेट्रोल भरायला.” दर रविवारी हेच उत्तर, आणि तेही कायद्याला धरून.

जुलै २०२१मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंद मिळू लागली. नव्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, यावर काका बेहद्द खूश आहेत. मुंबई राज्याच्या काळातली पाटी उतरवायची म्हणजे आजोबांची पगडी काढून टोपी घालायची, असं त्यांना वाटतं.

टोचते ती दुसरी अट. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभाल, एवढ्यासाठीच गाडी रस्त्यावर आणायची; रोजच्या वापराला मनाई. बालेवाडीहून भाजी आणली की झाला नियमभंग!

आणि नेमकं पेट्रोलच आता गाडीला उभं राहू देत नाही. वीस टक्के इथेनॉलचं मिश्रण २०३०पर्यंत गाठायचं होतं, ते २०२५वर आणलं गेलं. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर पाणी टाकीच्या तळाशी उतरतं आणि पत्रा गंजू लागतो. जुन्या रबरी नळ्या फुगतात, पंपाचा डायफ्राम कडक होतो. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने हवा-इंधनाचं मिश्रण पातळ होतं. जुन्या कार्ब्युरेटरला ते स्वतःहून सावरता येत नाही, जेट बदलावे लागतात. काकांनी सगळ्या नळ्या बदलल्या. इथेनॉल उसापासून येतं, तरी ऊसवाल्यांवर त्यांचा राग नाही. मुळशीत राहून तो परवडणारही नाही. ते पेट्रोल थोडंच भरतात आणि पंधरवड्यात संपवतात. म्हणजे इंधन म्हणतं चालवा, नियम म्हणतो जपून ठेवा.

इंजिन काढून बॅटरी बसवायची टूम त्यांना मुळीच पटत नाही. इंग्लंडच्या लुनाझ कंपनीने जुन्या रोल्स-रॉइस आणि जग्वार विजेवर आणल्या. अशा गाडीला ऐतिहासिक म्हणायला जुन्या वाहनांची जागतिक संघटना ‘फिवा’ तयार नाही. आपल्याकडेही मूळ रूपाची अट आहेच. सुट्या भागांच्या थ्रीडी छपाईला मात्र त्यांचा हात जोडून नमस्कार. पोर्शने २०१८मध्ये ९५९ मॉडेलच्या क्लचचा एक लिव्हर छापून दिला, तेव्हापासून पुण्याच्या जुन्या बाजारातल्या त्यांच्या फेऱ्या कमी होतील असं घरच्यांना वाटत होतं. झाल्या नाहीत.

काकांचं वेड स्वतःच्या गाडीपुरतं नाही. कोल्हापूरच्या छत्रपतींची जुनी मायबाख दरवर्षी दसऱ्याला तिथल्या दसरा चौकात येते. गर्दी गाडी बघायला जमते. काका तिच्या इंजिनाचा आवाज ऐकायला जातात.

पंप पाच मिनिटांवर आहे. काका नांदे-चांद्याच्या वाटेने जातात, पाऊण तास लागतो. पंपावरचा पोरगा विचारतो, “फुल्ल करू?”

“पाचशेचं टाक. पुढच्या रविवारी यायचंय.”