जोडीची वही

भोर भागात कबड्डीत नाव व्हायचं ते चढाई करणाऱ्याचं. जत्रेत बक्षीस त्याला, खांद्यावर उचलायचं तेही त्यालाच. पकडी करणारे म्हणजे 'बाकीचे'. मी त्या बाकीच्यांचा हिशेब ठेवायचो. अंगानं काडी, त्यामुळं संघात माझ्याकडं गुण लिहायचं काम. तेव्हा मी पुण्यात बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकाच्या दुकानात नोकरीला होतो. दोनशे पानी वही तिथलीच. सुट्टीला स्वारगेटवरून एस.टी. धरायची, सामना लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला हजर.

वहीत पकड मी एकाच्या नावावर लिहीत नसे; जोडीच्या नावावर लिही. कारण कोपऱ्यावरचा गडी घोटा धरतो, पण तेवढ्यानं काम होत नाही. धरलेला गडी अंग लांबवून मध्यरेषेला हात लावतो आणि धरणाराच बाद होतो. शेजारच्या मध्यरक्षकानं त्या क्षणी येऊन कंबर आवळली, तरच पकड. उशिरा आला तर दोघंही बाहेर. २०२४ च्या १ मार्चला पुणेरी पलटणनं हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ नं हरवून प्रो कबड्डी जिंकली. डाव्या कोपऱ्यावरच्या मोहम्मदरझा शादलूचे त्या हंगामात पकडीचे ९९ गुण झाले. ते सगळ्यांच्या लक्षात राहिले. शेजारी संकेत सावंत उभा असायचा, तो किती जणांना आठवतो?

आमच्या उजव्या बाजूचे दोघं ताकदीनं बैल. पण दोघांनाही आधी झडप घालायची घाई. डावीकडं कोपऱ्यावर थोरल्या चुलत्यांचा मुलगा, आमचा दादा. मध्यरक्षक धाकट्या चुलत्यांचा. दोघं तसे बेताच्या अंगाचे. त्यात दोन्ही घरांत बांधावरून वाद, कोर्टात तारखा चाललेल्या. दोघांचं बोलणं बंद.

एका वर्षी मोठ्या सामन्यांआधी गावातली जाणती माणसं म्हणाली, "बोलत न्हाईत त्यांची जोडी कशाला? एकाला उजवीकडं टाका."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी वही पुढं केली. मागच्या चार सामन्यांतल्या १९ पकडींपैकी १३ डाव्या जोडीच्या होत्या. सरांनी पानं उलटली आणि एवढंच विचारलं, "साखळी करताना हात धरत्यात का एकमेकांचा?"

"धरत्यात."

"मग ऱ्हाऊ द्या तिथंच."

उपांत्य सामन्यात शेवटच्या चढाईला आमचे तीनच गडी उरले होते, आम्ही एका गुणानं मागं. दादानं घोटा धरला. त्यानं हाक मारली नाही, मान वळवून बघितलंही नाही. धाकटा तोवर कंबरेला पोचला होता. अव्वल पकड, दोन गुण. अंतिम सामना हरलो, पण ती जोडी पुढंही कुणी मोडली नाही.

बांधाचा वाद त्यानंतरही बरीच वर्षं चालला. मधे एका पावसाळ्यात थोरल्या चुलत्यांना भाताच्या लावणीला माणसं मिळेनात. रोपं पिवळी पडायला लागली. एका सकाळी धाकटा खाचरात उतरला आणि दादाच्या शेजारची ओळ धरून लावायला लागला. कुणी बोलावलं नव्हतं. दुपारपर्यंत दोघं वाकून रोपं लावत होते. बोलणं तेव्हाही झालं नाही.