गोरखगडावरचा मुक्काम

‘मुक्काम’ हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूत आपण ‘मुक़ाम’ म्हणतो, तेव्हा ठिकाण किंवा दर्जा असा त्याचा अर्थ असतो. मराठीत त्याच शब्दाला थांबण्याचा, रात्र काढण्याचा अर्थ आला. पत्रावर आपण ‘मुक्काम पोस्ट म्हसा’ असे लिहितो, तो हाच शब्द. पण मी तुम्हांला ज्या मुक्कामाविषयी सांगणार आहे, तिथे पोस्ट नाही. विजेचा खांब नाही, नळ नाही आणि दुकानही नाही.

म्हसा गावातून सह्याद्रीच्या रांगेकडे पाहिले, की दोन सुळके शेजारी शेजारी उभे दिसतात. एक गोरखगड, दुसरा मच्छिंद्रगड. गुरू मच्छिंद्रनाथ आणि शिष्य गोरखनाथ यांची ही नावे. गोरखगडाची उंची सुमारे 650 मीटर आहे. फार मोठा किल्ला नाही. जुन्या काळी नाणेघाटाने जुन्नरकडे व्यापारी माल जात असे. त्या प्रदेशावर नजर ठेवायला असे किल्ले उपयोगी पडत. पायथ्याच्या देहरी गावातून जंगलातली वाट चढली, की कातळात खोदलेल्या पायऱ्या लागतात. त्या चढून गेल्यावर सुळक्याच्या पोटात एक मोठी गुहा आहे. गुहेसमोर खोल दरी आणि दरीपलीकडे मच्छिंद्रगड.

या गुहेत एक रात्र राहावे असे नववीच्या मुलांनी ठरवले. अकरा मुले, आमचे एक सहकारी शिक्षक, मी आणि वाट दाखवायला देहरीचे एक काका, असे आम्ही चौदा जण डिसेंबर महिन्यात निघालो. एका मुलाच्या दादीने मला घरी बोलावून विचारले, “सर, तिथे लाइट नाही, मग मुले रात्री करणार काय?” मी म्हणालो, “दादीजान, तुमच्या लहानपणी तुम्ही जे करत होता तेच.” त्या हसल्या आणि त्यांनी परवानगी दिली. शिवाय एक जाड गोधडीही दिली. ती गोधडी पुढे तिघांच्या कामी आली.

निघण्यापूर्वी मी मुलांना एक विचित्र सूचना दिली होती. कोणीही अत्तर लावून यायचे नाही. मुलांना वाटले, सर थट्टा करतात. पण सह्याद्रीच्या कड्यांना आग्या मोहोळे असतात. उग्र वास आणि धूर यांनी त्या मधमाश्या खवळतात, आणि अरुंद पायऱ्यांवर माणसाला पळायला जागा नसते. म्हणून कड्याला मोहोळ दिसले, तर त्याच्याखाली शेकोटीही पेटवायची नाही.

आता पाण्याविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण अशा मुक्कामात तोच खरा प्रश्न असतो. ठाणे जिल्ह्याच्या या भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तरी शहापूर तालुक्यातल्या किती तरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. त्याच तालुक्यातल्या भातसा आणि तानसा धरणांचे पाणी मुंबईला जाते, ही गोष्ट तुम्ही भूगोलात शिकला आहात. आपले डोंगर बेसॉल्ट नावाच्या काळ्या खडकाचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तो बनला. हा खडक पाणी फारसे मुरू देत नाही. पाऊस पडतो आणि वाहून जातो.

अमेरिकेत युटा राज्यात कॅनियनलँड्स नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. ते 1964 साली स्थापन झाले. उंच पठारावरचे वाळवंट आणि नद्यांनी कापलेल्या खोल दऱ्या, असा तो मुलूख. तिथल्या एका तंबूतळावर वीज नाही, पाणीही नाही. ज्याने त्याने आपले पाणी बरोबर न्यायचे. तिथे पाऊसच वर्षाला सुमारे 230 मिलिमीटर पडतो, त्यामुळे नवल वाटत नाही. आपल्याकडे एवढा पाऊस पडूनही तीच पाळी येते, याचे मला जास्त नवल वाटते.

आपल्या जुन्या माणसांनी त्यावर उपाय शोधला होता. त्यांनी छिन्नी-हातोड्याने कातळात टाकी खोदली. गोरखगडावर अशी बरीच टाकी आहेत, पण पिण्याजोगे पाणी गुहेजवळच्या एकाच टाक्यात असते. तिथे पोहोचलो तेव्हा प्रत्येकाच्या पिशवीतली एक बाटली रिकामी झाली होती. आम्ही टाक्याचे पाणी फडक्याने गाळून, उकळून घेतले. वजूला प्रत्येकी एक लहान तांब्या, एवढेच ठरले. एरवी नळ सोडून गप्पा मारणारी मुले त्या दिवशी थेंब थेंब पुरवून वापरत होती.

जेवण झाल्यावर मात्र एक प्रसंग घडला. खिचडीचे पातेले काळे झाले होते. एक मुलगा साबण आणि पातेले घेऊन टाक्याच्या काठावर बसला. पातेले तो पाण्यात बुडवणार, तोच काकांनी त्याचा हात धरला. ते रागावले नाहीत. ते म्हणाले, “बाळा, तू सकाळी घरी जाशील. वैशाखात आम्ही करवंदं काढायला रानात येतो. तेव्हा घसा ओला करायला हेच पाणी. ते नासलं तर आम्ही कुठं जायचं?”

मुलगा काही बोलला नाही. त्याने पातेले टाक्यापासून लांब नेले आणि राखेने, पाल्याने घासून काढले. त्या एका पातेल्याला त्याला अर्धा तास लागला. दुसऱ्या कोणी मदत करू का म्हटले, तर त्याने नको म्हणून सांगितले.

रात्री आम्ही सगळ्या बॅटऱ्या बंद केल्या. आधी काहीच दिसेना. एक-दोन मुले एकमेकांना चिकटून बसली. थोड्या वेळाने डोळे सरावले आणि आकाशात एवढ्या चांदण्या दिसू लागल्या, की मुलांचा गलबला आपोआप थांबला. खाली दूरवर गावांचे दिवे दिसत होते.

तेव्हा मी त्यांना याच डोंगररांगेतल्या सिद्धगडाची हकिकत सांगितली. 1942 च्या चळवळीत माथेरानचे भाई कोतवाल यांनी ‘आझाद दस्ता’ उभा केला. या दस्त्याने इंग्रज सरकारला अडवण्यासाठी विजेचे मनोरे पाडले. मग पोलीस मागे लागले, आणि हे तरुण सिद्धगडाच्या रानात लपून राहिले. 2 जानेवारी 1943 रोजी पहाटे पोलिसांनी त्यांना गाठले. गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. भाई कोतवालांचे वय तेव्हा अवघे तीस वर्षांचे होते. हिराजी पाटील शेजारच्या कर्जत तालुक्यातले. आजही दर वर्षी 2 जानेवारीला लोक सिद्धगडावर जमतात.

ऐन थंडीचे दिवस, अंगावर पुरेसे पांघरूण नाही, आणि मुक्काम किती दिवसांचा तेही ठाऊक नाही. आमच्याजवळ दादीजानची गोधडी होती आणि सकाळी उतरायचे हेही नक्की होते. एका मुलाने अंधारातून विचारले, “सर, त्यांना परत घरी जाता येईल असं वाटत होतं का?” मला उत्तर सुचले नाही. काकाच म्हणाले, “वाटत असणारच की रे. घर कोणाला नको असतं?”

सकाळी माथ्यावर गेलो. तिथे महादेवाचे छोटे मंदिर आहे. शेवटच्या पायऱ्या फार उभ्या आहेत, म्हणून एकेकाला नेले आणि एकेकाला उतरवले. वरून जीवधन, नाणेघाट, आहुपे घाट आणि सिद्धगड दिसतो. रात्रीचा प्रश्न विचारणारा मुलगा सिद्धगडाकडे बराच वेळ पाहत उभा होता.

उतरताना आमचा कचरा आम्ही एका पोत्यात भरून खाली आणला. त्यात आमच्या आधी येऊन गेलेल्यांच्या बाटल्याही होत्या. पोते जड झाले. पातेले घासणाऱ्या मुलाने ते देहरीपर्यंत खांद्यावरून आणले.

तुम्हांला जायचे असेल तर दिवाळीनंतर, थंडीत जा. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात. मोठ्या माणसांशिवाय आणि वाट माहीत असलेल्या माणसाशिवाय जाऊ नका. माणशी निदान तीन लिटर पाणी, काडेपेटी, बॅटरी आणि पांघरूण घ्या. पौष पौर्णिमेला म्हसा गावची यात्रा सुरू होते. बैलबाजाराला आलेले व्यापारी तिथे उघड्या शेतात, बैलांजवळच मुक्काम करतात. त्या यात्रेत घोंगड्याही विकायला येतात. घोंगडी जड असते आणि अंगाला टोचते, पण गुहेतल्या थंडीत तिच्यासारखे पांघरूण नाही.