डब्यातलं कूट आणि शाळेचं हमीपत्र

सातारा-सांगलीच्या माणसाला 'शेंगदाणा टाळा' सांगणं म्हणजे पुणेकराला 'दुपारी झोपू नका' सांगण्यासारखं! आमच्याकडे वांग्याच्या भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट आणि उपासाच्या खिचडीत तर विचारूच नका. साताऱ्यात आईच्या हातचा म्हाद्या, सांगलीत ताईकडे गेलं की संध्याकाळी भडंग. आणि माझ्या सहा वर्षांच्या भाच्याला नेमकी शेंगदाण्याचीच ॲलर्जी.

'असली फॅडं आमच्या वेळी नव्हती' हा डायलॉग घरात बरेच दिवस चालला. मग एका संक्रांतीला साताऱ्यात त्याने तिळगुळाची अर्धी वडी खाल्ली. दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वासातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. हॉस्पिटलमध्ये मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं, तेव्हा कुठे तो सावरला. त्या दिवसापासून आई कुटाचा डबा वरच्या फळीवर ठेवते आणि फॅडाबद्दल कुणीच काही बोलत नाही.

घर सुधारलं. पण शाळेचं काय?

ताईने पहिलीच्या ॲडमिशन फॉर्मवर ॲलर्जीबद्दल ठळक अक्षरांत लिहून दिलं होतं. आठवड्याभरात शाळेतून एक कागद आला. 'पाल्याच्या आहाराची व ॲलर्जीची संपूर्ण जबाबदारी पालकांची राहील. काही अनुचित घडल्यास शाळा जबाबदार राहणार नाही.' खाली सहीसाठी रेघ. ताई बँकेत आहे; न वाचता सही करणं तिच्या रक्तातच नाही. तिने मला फोन केला, "तू पत्रकार ना? मग शोध. ही सही मी करायची का?"

मी शोधायला बसले. पॅकबंद खाण्यासाठी नियम आहेत. एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणे शेंगदाणा, दूध, अंडी, सोयाबीन, मासे, गहू वगैरे ॲलर्जी आणणारे घटक पाकिटावर लिहावे लागतात. त्याच वर्षीच्या शालेय आहाराच्या नियमांचा रोख मात्र चरबी, मीठ आणि साखरेवर. कँटीनमधलं जंक फूड त्यात येतं. पण शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीच्या डब्यातल्या चटणीवर कुठलं लेबल असणार? आणि पहिलीतली पोरं डबा वाटून खातात. तेच तर आपण त्यांना शिकवतो!

मग जबाबदारी कुणाची? २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७५ म्हणतं की, मूल प्रत्यक्ष ज्याच्या ताब्यात आहे त्याने जाणूनबुजून हयगय केली आणि त्यामुळे मुलाला त्रास होण्यासारखी स्थिती आली, तर तो गुन्हा. हे आईबापांनाही लागू आहे. मुलांची काळजी ज्या संस्थेवर सोपवली आहे, तिथल्या माणसांना तर शिक्षा जास्त कडक. शिवाय केंद्रीय शिक्षण मंत्रालयाची २०२१ ची शालेय सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं शाळा व्यवस्थापनाची जबाबदारी ठरवून देण्यासाठीच काढलेली आहेत. थोडक्यात, कायद्याने अंगावर टाकलेली जबाबदारी रेघेवरच्या एका सहीने पुसली जात नाही.

पण याची दुसरी बाजूही आहे. पालकांनी ॲलर्जी लपवली किंवा अर्धवट सांगितली, तर बाईंनी ओळखायचं कशावरून?

या दोन्ही बाजू एका कायद्यात बसवलेल्या मला सापडल्या त्या थेट कॅनडात. ओंटारिओ प्रांतातली सब्रिना शॅनन ही तेरा वर्षांची मुलगी २००३ मध्ये शाळेच्या कॅफेटेरियातलं खाऊन गेली. तिला दुधाची ॲलर्जी होती. तिच्या नावाचा कायदा १ जानेवारी २००६ पासून लागू झाला. त्यात शाळेने अशा प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र योजना करायची, स्टाफला ट्रेनिंग द्यायचं. पालकांनी माहिती आणि औषधांची नोंद अपडेट ठेवायची. आणि इमर्जन्सीत चांगल्या हेतूने इंजेक्शन देणाऱ्या शिक्षकावर नुकसानभरपाईचा दावा लागत नाही. मला हा शेवटचा मुद्दा सगळ्यात शहाणपणाचा वाटला. कारण आपल्याकडची शाळा निर्दय नसते, घाबरलेली असते. ते हमीपत्रसुद्धा त्या भीतीतूनच आलेलं होतं.

ताईने सही केली नाही. भांडलीही नाही. तिने स्वतःचं एक पान टाईप केलं. वर मुलाचा फोटो. मग काय खायचं नाही: शेंगदाणा, कूट, चिक्की, भडंग. मग लक्षणं. मग काय करायचं: श्वास लागला की नुसत्या ॲलर्जीच्या गोळीवर थांबायचं नाही, आधी जवळचं हॉस्पिटल किंवा १०८, आईला फोन नंतर. सोबत डॉक्टरांचं पत्र. आणि शेवटी दोन वाक्यं: 'डबा, औषध आणि खरी माहिती देण्याची जबाबदारी माझी. वर्गात लक्ष ठेवण्याची आणि वेळेत हलवण्याची शाळेची.' खाली दोन सह्यांची जागा.

मुख्याध्यापकांनी पहिल्या मीटिंगला 'बघू' म्हटलं. दुसऱ्या मीटिंगला डॉक्टरांचं पत्र दोनदा वाचलं आणि सही केली. वर्गाच्या बाईंनी तर कमालच केली! वाढदिवसाला खाऊऐवजी पेन्सिली वाटायचा नियम करून टाकला. एका आईने ग्रुपवर कुरकुर केली, 'एका मुलासाठी सगळ्यांनी का?' त्याच बाईंनी उत्तर दिलं, "पाय मोडलेल्या मुलासाठी आपण वर्ग खाली आणतो ना? तसंच."

सगळं सुटलंय असं नाही. परदेशात शाळेच्या कपाटात असतं तसं, टोचायला सोपं ॲड्रेनलिनचं पेन आमच्या गावातल्या मेडिकलमध्ये मागितलं की मिळालं, असं होत नाही. त्यामुळे शाळेपासून हॉस्पिटलपर्यंतची आठ मिनिटं ताई अजूनही मनात मोजत असते. भाचा मात्र सॉलिड तयार झालाय. कुणी काही पुढे केलं की आधी विचारतो, "यात कूट आहे?"

तुमच्याकडे असा कागद आला, तर फाडू नका आणि डोळे मिटून सहीही करू नका. कोण, काय, कधी करणार ते त्यावर लिहायला लावा. ताईच्या पानाची फाईल तिच्या लॅपटॉपवर सेव्ह आहे. जूनमध्ये दुसरीचा वर्ग, नव्या बाई. फक्त फोटो बदलायचा आणि पुन्हा दोन सह्या घ्यायच्या.