नव्या यंत्राचा फेरफार

॥ श्री योगेश्वरी प्रसन्न ॥

अंबाजोगाई, जि. बीड

चिरंजीव बाळास काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

तुझे सविस्तर पत्र पोहोचले. तिकडे न्यू जर्सीत जुना राउटर निकामी झाल्यावर तू काही दिवस लॅपटॉपच मोडेमला तारेने जोडून काम भागवलेस. मग नवा राउटर आणून त्याच तारेवर बसवलास, तेव्हा मोडेमचे सगळे दिवे हिरवेगार असूनही राउटरवरचा इंटरनेटचा दिवा तांबडाच राहिला. तार काढून लॅपटॉपला लावली की सारे सुरळीत, राउटरला लावली की ठप्प. दुकानदाराने राउटर सदोष आहे असे सांगून तो परत आणायला सांगितले. आणि अखेर कोणा सहकाऱ्याच्या सूचनेवरून मोडेमचा प्लग काढून, क्षणभर थांबून, पुन्हा लावताच तोच सदोष ठरलेला राउटर निमूटपणे चालू लागला, हा सारा वृत्तांत वाचला. ‘काका, तुम्ही टेलिफोन खात्यात जन्म काढलात, तर बंद करून चालू करणे हा काय मंत्र आहे ते सांगा’ असे तू विचारतोस. मंत्र वगैरे काही नाही. तुझ्या मोडेमने त्याला घालून दिलेला नियम अक्षरशः पाळला, आणि तो नियम कोणत्या गरजेतून जन्मला ही गोष्ट फोनवर उरकण्यासारखी नसल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

आमच्या खात्यात हा प्रश्न उद्भवलाच नसता, आणि तो का उद्भवला नसता हे आधी पाहिले पाहिजे. टेलिफोन एक्स्चेंजमधून प्रत्येक ग्राहकाच्या घरापर्यंत तांब्याच्या तारांची एक स्वतंत्र जोडी जात असे. एक्स्चेंजमधील फ्रेमवर त्या जोडीचे टोक कोठे बसवले आहे आणि जम्परने ते कोणत्या क्रमांकाशी जोडले आहे, एवढ्यावरून ग्राहकाची ओळख पटे. त्याने घरातला काळा, चकतीचा फोन काढून बटणांचा लावला, किंवा शेजाऱ्याचा आणून जोडला, तरी एक्स्चेंजला त्याची गंधवार्ता नसे, कारण खाते ओळखत होते ते तारेला, उपकरणाला नव्हे. 1984 साली सी-डॉटची स्थापना झाली आणि पुढे तिची छोटी ग्रामीण एक्स्चेंजे खेडोपाडी बसली, यंत्रे सारी बदलली, पण जोडी तीच आणि ओळखीची रीतही तीच राहिली.

केबलची जातकुळी मात्र निराळी. तू लहान असताना आपल्या गल्लीत केबल कशी आली हे तुला आठवत नसेल. 1991 च्या आखाती युद्धाच्या सुमारास उपग्रहावरच्या परदेशी वाहिन्या या देशात दिसू लागल्या, 2 ऑक्टोबर 1992 रोजी झी टीव्ही सुरू झाला, आणि गावोगावच्या खटपटी माणसांनी आपल्या गच्चीवर मोठी छत्री उभारून, गच्च्यागच्च्यांवरून आणि विजेच्या खांबांवरून काळ्या तारेचे जाळे घरोघर नेले. या व्यवसायाला नोंदणी सक्तीची करणारा कायदा झाला तो पुढे 1995 साली. त्या तारेत जे चित्र वाहत होते ते साऱ्या गल्लीला एकच होते. अमेरिकेत ही पद्धत 1948 च्या आसपास, ॲंटेनाला चित्र न लागणाऱ्या डोंगराळ भागांत जन्मली. दोन्हीकडे वाटेल त्याने टीव्ही जोडावा आणि पाहावे. कोण पाहतो हे तारेला कळण्याचे कारण नव्हते.

पुढे याच तारेवरून इंटरनेट द्यायचे ठरले, तेव्हा पेच निर्माण झाला. शेकडो घरांच्या वाट्याला आलेल्या सामाईक तारेवरून तुझे पत्र तुलाच आणि शेजाऱ्याचे शेजाऱ्यालाच पोहोचायचे, तर तारेच्या टोकाला बसलेल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचे नाव हवे. हे नाव आधीच तयार होते. झेरॉक्स कंपनीने डीईसी आणि इंटेल यांच्यासह 1980 साली इथरनेटचे जे मानक प्रसिद्ध केले, त्यात प्रत्येक यंत्राला कारखान्यातच 48 बिटांचा क्रमांक देण्याची योजना होती. आज आपण त्यालाच मॅक ॲड्रेस म्हणतो. राउटर उलटा करून पाहा, तळाच्या चिकटपट्टीवर बारा अंकाक्षरे दिसतील. त्यांपैकी पहिली सहा निर्मात्याला आयट्रिपलई या संस्थेकडून मिळतात आणि उरलेली तो स्वतः देतो. तुझ्या मोडेमला असा क्रमांक आहे, लॅपटॉपला आहे, जुन्या राउटरला होता आणि नव्याला निराळा आहे. केबलवरून इंटरनेट कसे द्यावे याची सर्वमान्य नियमावली अमेरिकेतील केबललॅब्स या संस्थेने 1997 साली प्रसिद्ध केली. तिचे नाव डॉक्सिस. तुझ्या प्रश्नाचे उत्तर या नियमावलीच्या एका लहानशा कलमात आहे.

मोडेमला वीज मिळताच तो काय करतो ते यथाक्रम ऐक. प्रथम तो तारेवरचा आपल्या कामाचा पट्टा शोधतो, मग आपला आवाज कंपनीच्या मुख्य यंत्रापर्यंत योग्य जोराने आणि योग्य वेळी पोहोचतो की नाही याचे मोजमाप करवून घेतो, नंतर स्वतःपुरता एक आयपी पत्ता मागून घेतो आणि अखेरीस कंपनीकडून एक हुकूमनामा उतरवून घेतो. त्यात वेग किती द्यायचा हे असते, तसेच ग्राहकाच्या बाजूने किती यंत्रांना दाखल करून घ्यायचे हेही असते. घरगुती ग्राहकाला बहुधा एकच यंत्र मंजूर असते. हुकूमनाम्यात या बाबतीत काही लिहिलेच नसेल, तरी एकच धरावे असे नियमावली सांगते. एवढे झाले की मोडेमचे दिवे हिरवे होतात. मग ग्राहकाच्या बाजूने जे यंत्र पहिल्यांदा बोलेल त्याचा मॅक ॲड्रेस तो टिपून ठेवतो, आणि संख्या भरली की त्यानंतर येणाऱ्या कोणालाही दारात उभे करीत नाही. एकदा टिपलेले नाव जुने झाले म्हणून पुसायचे नाही आणि नव्यासाठी हटवायचे नाही, हेच ते कलम. ते पुसले जाते ते एकाच प्रसंगी, मोडेम नव्याने सुरू होताना, कारण ही नोंद कायमच्या स्मृतीत ठेवू नये असेही तीच नियमावली बजावते.

आता तुझा प्रसंग उलगडतो. जुना राउटर गेल्यावर लॅपटॉप जोडताना तू मोडेम हलवलास, तेव्हा तो बंद होऊन चालू झाला असला पाहिजे; त्या नव्या आरंभी लॅपटॉप पहिला बोलला आणि त्याचे नाव दाखल झाले. पुढे नव्या राउटरने रीतसर आयपी पत्ता मागितला, पुन्हा पुन्हा मागितला, पण नाव दाखल नसलेल्याचा अर्ज मोडेमने कंपनीपर्यंत जाऊच दिला नाही. हिरवे दिवे खोटे बोलत नव्हते. ते मोडेम आणि कंपनी यांच्यामधल्या संबंधाची ग्वाही देत होते, आणि तो संबंध उत्तम होता.

तू बीडचा आहेस, म्हणून तुला फेरफाराचा दाखला पुरे. आपल्या जिल्ह्यात 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाचा अंमल होता, जमिनीचा कारभार 1317 फसलीच्या हैदराबाद कायद्याने चाले, आणि आजही बांधाचा किंवा वहिवाटीचा तंटा उभा राहिला की वकील आधी 1954 ची खासरा पाहणी काढून आणायला सांगतो. एवढा आपल्याकडे दप्तराचा मान. शेत विकत घेणाऱ्याने पैसे मोजले, खरेदीखत रजिस्टर केले, कब्जा घेऊन पेरणीही उरकली, तरी गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद होऊन, हरकतीची मुदत संपून, मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करून सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत बँकेचा अधिकारी पीककर्जाचा कागद पुढे सरकवीत नाही. त्याचे खरेदीदाराशी वैर नसते आणि शेतात काही उणे नसते. दप्तरात जुने नाव उभे असते, इतकेच. तुझ्या राउटरचेही फेरफारावाचून अडले होते. फरक एवढाच की तलाठ्याचे दप्तर पिढ्यान्‌पिढ्या टिकावे म्हणून लिहितात, आणि मोडेमचे दप्तर एका ओळीचे असून वीज जाताच कोरे होते.

दुकानदाराच्या अनुमानाकडेही जरा पाहू, कारण चूक तेथे आहे आणि ती शिकल्यासवरल्या माणसांकडूनही होते. लॅपटॉप चालतो, राउटर चालत नाही, तार तीच, मोडेम तोच. सबब राउटर बिघडलेला. ऐकताना ही चाचणी निर्णायक वाटते. आपल्या नैयायिकांनी अशा अनुमानातला दोष फार पूर्वी दाखवून दिला आहे: धूर आहे तेथे अग्नी आहे हे म्हणणे निर्दोष, पण अग्नी आहे तेथे धूर असलाच पाहिजे हे म्हणणे सदोष, कारण धुराला अग्नीखेरीज ओल्या इंधनाचीही अपेक्षा असते, आणि ही दडलेली अट सांगितलीच जात नाही. लॅपटॉप चालत होता तो राउटरपेक्षा चांगला म्हणून नव्हे, तर त्याचे नाव आधी लागले होते म्हणून. चाचणी खरी करायची तर उपकरण बदलताना प्रत्येक वेळी मोडेमही नव्याने सुरू केला पाहिजे. दोघांना सारखी संधी दिल्यावर जो हरेल तो दोषी.

या रोगाचे तीन-चार भाऊबंदही आहेत, ते ओळखून ठेव. मोडेमलाच टेलिफोन जोडलेला असेल, तर वीज गेल्यावरही फोन चालावा म्हणून त्याच्या पोटात कधी कधी बॅटरी असते. तेथे नुसता प्लग काढून काही होत नाही, बॅटरीही काढावी लागते. राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर वॅन या नावाखाली जो पत्ता दिसतो तो वाचावा. सगळी शून्ये असतील तर कोणी उत्तरच दिलेले नाही. 192.168.100 ने आरंभ होणारा पत्ता दिसला, तर कंपनीशी संधान बांधण्यापूर्वी मोडेमने स्वतःच्या पदरचा तात्पुरता पत्ता देऊन राउटरला बसवून ठेवले आहे, तेव्हा मोडेम स्थिरावल्यावर राउटर पुन्हा चालू करावा. 192.168 चा दुसरा एखादा किंवा 10 ने सुरू होणारा पत्ता कायम दिसत राहिला, तर ते पत्ते 1996 च्या ठरावाने खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्यांपैकी आहेत हे ध्यानात घ्यावे. अशा वेळी ज्याला आपण मोडेम समजतो त्याच्या पोटातही बहुधा एक राउटर असतो आणि एका घरात दोन कारभारी होतात. दोघांनीही स्वतःला 192.168.1.1 म्हणवून घेतले तर घोटाळा ठरलेलाच. एकाचा पत्ता बदलावा, किंवा कंपनीला सांगून मोडेम ब्रिज मोडवर टाकावा, म्हणजे कारभारी एकच उरतो. आणि मोडेम बंद करण्याची सोय नसेल, तर जुन्या यंत्राचाच क्रमांक नव्याने धारण करण्याची युक्ती बहुतेक राउटरांत असते. तिला मॅक क्लोन म्हणतात.

इकडची तऱ्हा थोडी वेगळी आहे, तीही सांगतो, कारण पुढच्या खेपेला तू आलास की माझा जुना राउटर बदलण्याचे काम तुझ्याच गळ्यात पडणार आहे. आपल्या घरी आता केबलवाल्याचीच फायबरची तार आहे. लोक भिंतीवरच्या पांढऱ्या डबीलाही मोडेमच म्हणतात, पण वर सांगितलेले दप्तर त्या डबीत नसते. राउटरमध्ये केबलवाल्याने दिलेले युजरनेम आणि पासवर्ड भरावे लागतात, आणि त्या नावाबरोबर राउटरचा मॅक ॲड्रेस केबलवाल्याच्या वरच्या कंपनीच्या सर्व्हरवर पुष्कळदा बांधून ठेवलेला असतो, म्हणजे एकाचे कनेक्शन दुसऱ्याने वापरू नये. इथे तू डबी शंभरदा बंद करून चालू केलीस तरी पासवर्ड बरोबर असूनही राउटर बाहेरच राहील. फोन करावा लागतो. पलीकडचा पोरगा विचारतो, ‘राउटर बदलला का काका? थांबा, मॅक उडवतो, पाच मिनिटांनी चालू करा’, आणि पाच मिनिटांनी खरोखरच चालू होते. तिकडे नोंद तुझ्या टेबलावर, इकडे ती दूरच्या कचेरीत, हा भेद जाणल्यावाचून तिकडचा उपाय इकडे आणि इकडचा तिकडे लागू पडत नाही.

माझे मत विचारशील तर असे आहे. चाळीस वर्षांपूर्वीची यंत्रे झिजत, गंजत, तुटत, आणि त्यांचा दोष डोळ्यांना दिसे. आताच्या यंत्रांचा पुष्कळसा तथाकथित दोष नोंदीचा असतो. यंत्र धडधाकट असते, तारही शाबूत असते, पण कोणाच्या तरी वहीत जुनेच नाव उभे असते. म्हणून वस्तू परत करण्यापूर्वी किंवा भंगारात देण्यापूर्वी, ही नोंद कोण ठेवतो आणि ती कोणाच्या हुकुमाने बदलते, एवढे दोन प्रश्न विचारावेत. बंद करून चालू करणे हा त्यांपैकी एका प्रश्नाचा एका जागचा जबाब आहे. सर्व रोगांवरची मात्रा नव्हे.

तेव्हा तिकडचा क्रम कायमचा ध्यानात ठेव: आधी दोन्ही यंत्रे बंद करावीत, मोडेममध्ये बॅटरी असेल तर तीही काढावी; मग राउटर तारेने जोडून मोडेम एकटाच चालू करावा; त्याचे दिवे स्थिर झाले की मगच राउटरला वीज द्यावी, आणि मधल्या काळात लॅपटॉप त्या तारेला शिवू देऊ नये. मोडेम व राउटर दोन्हींचे मॅक ॲड्रेस एका कागदावर लिहून तो जवळच भिंतीला चिकटव, आणि त्याची एक प्रत सूनबाईजवळ दे, कारण तू कामावर असताना ही वेळ तिच्यावर येणार. दुकानदाराकडे तो राउटर परत नेऊ नकोस. तो चांगला आहे.

सूनबाईस व मुलांस अनेक आशीर्वाद.

तुझा,
काका