मुळातल्या गाठी

परवा गच्चीतल्या कुंडीतलं टोमॅटोचं रोप उपटलं. दोन आठवडे दुपारी मान टाकायचं आणि संध्याकाळी सावरायचं. पाणी वाढवलं, खत घातलं... उपटल्यावर पाहिलं तर मुळांवर मणी ओवल्यासारख्या गाठी! आणि या गाठी मी आधीही हातात धरल्या होत्या, निपाणीजवळच्या आमच्या रानात, तंबाखूच्या.

१९८४ साली माळाकडच्या हलक्या मातीच्या पट्टीत तंबाखू खुरटली. सगळी नाही, मधेमधे ठिगळं लावल्यासारखी. खालच्या काळ्या रानात मात्र उत्तम. पेंड टाकायचं काम तात्यांकडे होतं. "पेंड कुठं गेली, तात्या?" आण्णांनी एवढंच विचारलं. तात्या जेवणावरून उठले. पुढच्या वर्षी वाटण्या झाल्या.

हे काम सूत्रकृमींचं. अर्ध्या मिलिमीटरएवढं पिल्लू मुळाच्या टोकाजवळून आत शिरतं आणि एका जागी ठाण मांडतं. भोवतालच्या पेशी फुगून त्यालाच अन्न पुरवायला लागतात. मादी शेकड्यांनी अंडी घालते, उबदार मातीत महिनाभरात पुढची पिढी तयार. हलक्या मातीत त्यांचं जास्त फावतं. गाठाळलेलं मूळ पाणी नीट वर चढू देत नाही, मग कितीही पेंड घाला. इंग्लंडात बर्कले यांनी १८५५ मध्येच काकडीच्या मुळांवरच्या अशा गाठींबद्दल लिहून ठेवलंय. आमच्या बांधावर ते कोण सांगणार!

रानात ही कीड बऱ्याचदा रोपांबरोबरच येते. आजोबा तरव्याची जागा पालापाचोळा पेटवून भाजून घ्यायचे, तणाचं बी जळावं म्हणून. त्या उष्णतेनं सूत्रकृमीही मरतात. पण त्या साली आमचा तरवा पावसानं गेला आणि रोपं बाहेरून आणली. आणली आण्णांनीच.

तंबाखूत किंमत पानाला, मूळ कोण बघतो? कापणीनंतरचे खुंट आम्हा पोरांनीच उपटले होते. ती गाठाळ मुळं हळकुंडं म्हणून एकमेकांना फेकून मारली... असो.

आण्णा आता नाहीत. तात्या चौऱ्याऐंशीचे आहेत. त्यांना फोन करून मुळाचं वर्णन सांगितलं.

"झेंडू लाव त्या मातीत," ते लगेच म्हणाले. "गाठीवर झेंडू चांगला."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. कधीपासून, ते विचारायचा धीर मला झाला नाही.